छत्तीसजणींना एकच चिठ्ठी

आचरा,
३ फेब्रुवारी, मंगळवार

चि. तेजस्वी हिस दाजीकाकाचा भरभरून आशीर्वाद.

इथे आम्ही दोघंही ठीक. तुझ्या काकीचा गुडघा आहे तसाच आहे. काजूला मोहोर बरा धरलाय, आणि बांगडा इतका स्वस्त झालाय की घरची मांजरं तोंड फिरवू लागलीत. अक्षर तुला मोठं दिसेल. बॉलपेन सापडेना म्हणून जाड मार्कर घेतलाय. ओळी वरखाली झाल्या असतील तर टेबल डुगडुगतंय असं समज.

तुझा मेसेज पोचला. मी नारळ सोलत होतो, हात भरलेले होते, म्हणून काकीने वाचून दाखवला. तू लेखी खुलासा मागितलास. अडतीस वर्षं पोस्टमनकी केली, पण माझ्याकडे लेखी खुलासा मागायची वेळ एकाही साहेबावर आली नाही. तो मान पुतणीला मिळाला. असो, मागितलास तर देतो.

तुझी तक्रार मला समजली ती अशी. तुझ्या सर्व्हेची लिंक उघडली की डोळे तपासणीच्या चार चिठ्ठ्यांपैकी एक समोर येते. पहिली कोरडी: वार, वेळ, ठिकाण. दुसरीत डॉक्टरांनी दिलेले आकडे. तिसरीत शेजारच्या गावच्या एका बाईने लिहिलेली स्वतःची हकिगत. चौथी वाचायचीच नाही, बटण दाबलं की एक बाई बोलते. मग विचारायचं, या तपासणीला जाल का? कुठली चिठ्ठी कोणाला ते कॉम्प्युटर आपल्या मनाने ठरवणार, त्यात कुणी हात घालायचा नाही, नाहीतर गुण चिठ्ठीचा की माणसाचा ते कळणार नाही. हे तू मला तीनदा बजावलं होतंस.

आणि आता आचऱ्याच्या चाळीस फॉर्मांत छत्तीस चौथ्या चिठ्ठीचे निघाले. दहाच्या आसपास हवे होते. तुझ्या मॅडम म्हणतात आचरा यादीतून काढा, आणि आचरा काढलं तर फॉर्म कमी पडून तुझा प्रबंध सहा महिने मागे जाईल. हे वाक्य काकीने दोनदा वाचलं.

खुलासा असा की आमच्याकडे रेंजचं काही खरं नाही. खाडीवर वारा सुटला की फोन एक करायला सांगितलं तर दुसरंच करतो. शिवाय माझा फोन जुना. त्याला चौथ्या चिठ्ठीची सवय लागली असावी. तिसरं कारण नशीब. पत्ते खेळताना मला सलग सात डाव एक्का आलेला तुझ्या बाबांनी पाहिलाय, त्यांना विचार.

काम मात्र मी चोख केलं. बंदरावर लिलाव संपला की बायका सावलीला बसतात, तिथे एकेकीला फोन दिला. त्यातल्या बऱ्याचजणींना वाचता येत नाही, पण माझ्याकडून पत्रं वाचून घ्यायची त्यांना तीस वर्षांची सवय. चौघींनी, म्हणजे बारावी झालेली किशोरी आणि तिच्या मैत्रिणींनी, स्वतःच्या फोनवर भरले.

बाकी नोव्हेंबरातल्या तुझ्या पत्राला मी कार्ड टाकलं होतं, मजकूर समजला म्हणून. मिळालं असेलच.

प्रबंधाची काळजी करू नकोस. काकी जेवायला हाक मारतेय.

तुझा,
दाजीकाका

ता. क. मासे विकणारी गंगू मघाशी वाटेत विचारत होती, गुरुवारी येताना भाकरी बांधून आणायची का. कसली भाकरी ते मला उमगलं नाही. मी हो म्हटलं.


आचरा,
१२ फेब्रुवारी

चि. तेजस्वीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. "काका, खरं काय ते लिहा." पाच शब्द. काकीने वाचले आणि माझ्याकडे बघत राहिली. आता खरं लिहितो, पण आधी गुरुवारची गंमत ऐक, कारण खरं तिच्यातूनच बाहेर आलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी पडवीत चहा घेत होतो. अंगणात कुजबुज ऐकू आली. बघतो तर बंदरावरच्या बायका. एकदोन नव्हेत, छत्तीस. केसांत अबोली, धुतलेली लुगडी, हातात भाकरीची फडकी. पुढे गंगू.

"पोस्टमना, शाळा तर बंद आसा. डाक्टर खंय?"

"कसलो डाक्टर गो?"

"डोळे बघूचो. ती बाई फोनात बोलली मा, गुरवारी धा वाजता शाळेत येवा म्हणान."

तेजस्वी, तुझ्या फॉर्मच्या अगदी वर एक ओळ आहे म्हणे. 'समजा, तुमच्या गावात असे शिबीर ठेवले आहे.' किशोरीने मला ती नंतर वाचून दाखवली. ती ओळ मी त्यांना वाचून दाखवलीच नव्हती. त्यांनी ऐकला तो थेट बाईचा आवाज, आणि एवढ्या गोड आवाजात बोलावल्यावर कोण समजा-बिमजा करत बसतं? एका दिवसाचा धंदा बुडवून आल्या होत्या.

मी 'समजा' कसं समजावणार? खूप प्रयत्न केला. गंगू म्हणाली, "म्हणजे डाक्टर समजायचो? आणि डोळे? तेय समजायचे?" सगळ्या हसल्या, पण परत जायला कुणी तयार होईना. काकीने मुकाट चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं.

मग मी आणि पंचायतीतला प्रितेश फोनाला लागलो. कणकवलीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची तपासणीची गाडी आहे. त्यांना सांगितलं, तुम्ही गावोगाव माणसं गोळा करत फिरता, इथे छत्तीस माणसं डॉक्टर गोळा करतायत. ते हसले आणि पुढच्या बुधवारी येतो म्हणाले. म्हणजे काल.

काल खरोखरच शाळेत तपासणी झाली. दीपिका नावाची तरणी डॉक्टर होती, मोठी हसतमुख. रांग लावायचं काम मी घेतलं. भिंतीवर तक्ता होता, त्यावर तीन काट्यांच्या फण्या, काटे कुठे वळलेत ते सांगायचं. सकाळपासून एकेक बाई म्हणत होती, "वयर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे." छत्तीस वेळा ऐकलं. पाठ होणारच.

शेवटची बाई उठली आणि मी सतरंजी गुंडाळायला वाकलो. गंगूने सतरंजीवर पाय ठेवला. "आता तू बस."

"माका काय झालाहा?"

"बस म्हणतंय मा."

बसलो. डॉक्टरने एक डोळा झाकला आणि मी ऐटीत सुरुवात केली. वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. डॉक्टर हळूच म्हणाली, "आजोबा, तक्ता मी मघाशीच काढून ठेवलाय."

बाय, तो हशा बंदरापर्यंत गेला असेल. मीही हसलो. आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पुरता पिकलाय. दीड वर्षापासून मला छापलेलं अक्षर लागत नाही. नारळ सोलत होतो हे खोटं, टेबल डुगडुगतं हेही खोटं. मी कुणाला सांगितलं नाही, काकीलाही नाही. अगं, आयुष्यभर या गावाने मला वाचायला बोलावलं. मनिऑर्डरी, तारा, आफ्रिकेतल्या नवऱ्याची पत्रं, सासरी गेलेल्या पोरींची रडगाणी. ज्या बाईच्या पत्रात वाईट बातमी असेल तिला आधी बसवून पाणी द्यायचं, हे मला वाचल्यावर कळायचं. वाचता येत नसलेला पोस्टमन कुणाला हवाय, असं वाटायचं. मला भीती वाटायची, एवढंच.

आता तुझा खुलासा. लिंक उघडली, वाचायची चिठ्ठी आली, की मला समोर नुसत्या मुंग्या दिसायच्या. बाई तोंडाकडे बघत बसलेली. मग मी "रेंज गेली गो" म्हणायचो, बंद करायचो आणि पुन्हा उघडायचो, ते बटण दिसेपर्यंत. बटण तेवढं मोठं आहे, हिरवं. एका बाईपायी सात वेळा उघडलं. पुढचे प्रश्न मला पाठ होते, आणि हो-नाहीची जागा ठरलेली. असे छत्तीस फॉर्म झाले. रेंज चांगली होती. फोनही चांगला आहे.

अडतीस वर्षांत एकाचं पत्र दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. पावसात पोहून गेलो, पण पत्र ज्याचं त्याला. आणि तुझ्या चिठ्ठ्या मात्र मी परत पाठवत राहिलो आणि सगळ्यांना एकच वाटली. याची लाज वाटते मला. मोतीबिंदूची नाही वाटत आता.

सगळं झाल्यावर मी गंगूला विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "गेल्या पावसापासून तू माका आवाजान वळाखतंस. मी बोललंय नाय तर समोरसून निघान जातंस. म्हटला, कधीतरी आपणच सांगात." एवढे दिवस ती मला लांबूनच हाक मारायची, ती यासाठी. मला वाटायचं, बाई म्हातारपणी बडबडी झाली.

रात्री रापणीवाला बाबली आला. जाळं ओढून झालं की वाळूवर माशांचे वाटे घालतात. एकजण समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हो कोणाचो?" आणि तो न बघता नाव घेतो. पन्नास वर्षं ते नाव घेणारा बाबली. त्याला तुझ्या कामाची सगळी हकिगत सांगितली. तो विडी विझवून म्हणाला, "तुझ्या पोरीच्या काम्पुटरान पाठ फिरवलेली. तू तेका वळवलंस, दाजी. असा करूचा नसता. तेना बगल्यान तर वाट्यार कोण इस्वास ठेवतलो?"

दिसत नसताना डोकावलो मी, काय म्हणावं.

तुझे छत्तीस फॉर्म फाडून टाक. त्या बायकांनी चिठ्ठी ऐकलेली आहे, त्या आता चालणार नाहीत. पण खाडीपलीकडच्या वाडीत अजून कुणी काही ऐकलेलं नाही. मॅडमना विचार, तिथे नव्याने चाळीस घेतले तर चालतील का. या वेळी वाचायला किशोरी बसेल, मी फोनला हात लावणार नाही. माझं ऑपरेशन चोवीस तारखेला आहे. प्रबंध वेळेत जायला हवा. माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं तर मला डोळे येऊन काय बघायचंय?

तुझा अपराधी,
दाजीकाका


आचरा,
१४ मार्च

चि. तेजस्वी,

बॉलपेन सापडलं. बघ, ओळी किती सरळ आहेत.

उजव्या डोळ्याचं उत्तम झालं. पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं विचारशील, तर काकीचं तोंड. मी म्हटलं, तू म्हातारी झालीस गो. ती म्हणाली, "आताच गप झाक तो डोळो." शिमग्याला देवळात गेलो, पण गुलाल लांबूनच पाहिला. डावा डोळा मे महिन्यात. तपासणीत गंगूलाही मोतीबिंदू निघाला होता, तिचा डोळा गेल्या सोमवारी झाला. आता ती लांबून हाक मारत नाही, जवळ येऊन माझ्या शर्टाला पडलेला डाग दाखवते.

मॅडमनी दुसऱ्यांदा परवानगी दिली हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्या आज्ञेप्रमाणे पलीकडच्या वाडीत चाळीस फॉर्म काल पुरे झाले. किशोरीने 'समजा' हा शब्द प्रत्येकीकडून दोनदा वदवून घेतला. मी ओळख करून दिली आणि मग उपड्या होडीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसलो. अगदी समुद्राकडे तोंड. सारिका नावाची एक फटकळ बाई आहे, तिला कोरडी चिठ्ठी आली. ती भांडायलाच उठली, जावेला बाई बोलली, माका कागद कित्या? बाबली मुद्दाम आला होता. तो म्हणाला, "वाटो घालताना कधी भांडलंस? मग आता गप. तेना बगूक नाय." सारिका बसली. कोरड्या चिठ्ठीला तिने हो म्हटलं की नाही ते मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही.

अकरा, नऊ, बारा, आठ. अशा वाटल्या गेल्या चिठ्ठ्या. किशोरीने सांगितले तेव्हा मी म्हटलं, सारख्या नाहीत. ती म्हणाली, म्हणूनच खऱ्या आहेत. तुला पुरे पडतील ना? पडतील असं ती म्हणते.

आता एक शेवटचं. हे तुला लिहायला मी दोन दिवस घेतले.

डोळा आल्यावर पहिलं काय वाचावं हा विचार करत होतो. पेपर नको वाटला. मग जुन्या खाकी पिशवीत हात घातला आणि तुझं नोव्हेंबरचं पत्र काढलं. ज्याला मी 'मजकूर समजला' असं कार्ड टाकलं होतं ते. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

पडवीत बसून वाचलं. तू लिहिलंयस: 'काका, चतुर्थीला तुम्ही आरतीचं पुस्तक उघडून धरलं होतं, पण पान देवीच्या आरतीचं आणि म्हणत होता गणपतीची. पायरी पायाने चाचपत होता. मी कुणाला बोलले नाही. प्रबंधाचा विषय मात्र तिथेच ठरला. लोक डोळे तपासायला कशाने तयार होतात हे मला शोधायचंय, कारण तुम्हाला कसं तयार करावं ते मला सुचत नाही. बाकीच्यांना चार तऱ्हांनी विचारणार आहे. तुम्हाला सरळ विचारते. डोळे दाखवाल का? हो किंवा नाही, एवढंच कार्डावर लिहा.'

आणि मी लिहिलं, मजकूर समजला. तू पुण्यात ते कार्ड हातात घेऊन काय समजली असशील? म्हणूनच का गो हे काम मला दिलंस, चाळीस वेळा तीच चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढून जावी म्हणून?

बराच वेळ रडलो. काकीला सांगितलं, डॉक्टरने डोळ्यात पाणी येईल म्हणून सांगितलंच होतं.

अडतीस वर्षांत एकच पत्र माझ्याकडून चार महिने अडकून राहिलं, आणि ते माझ्याच नावाचं होतं. आज पोचतं केलंय. उत्तर खाली लिहितो. तुझ्या हिशेबात धरता येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी ठेव जपून.

हो.

पत्र ज्याचं त्याला मिळालं,
दाजीकाका