आयेशाची चिमूटभर साखर

मी, चांदसाहेब बालेचांद नदाफ, वय बासष्ट, धंदा बेकरी, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, आज पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मरायची घाई अजिबात नाही. पण माझ्याआधी गल्लीची तोंडे बंद व्हावीत, एवढी इच्छा आहे.

१. आजाराबद्दल. तरुणपणी मला पांढरी कावीळ झाली. ती अंगात मुरली आणि तिने लिव्हर खराब केले. चहापलीकडे मी आयुष्यात काही प्यायलो नाही. शंका असेल त्याने शेजारच्या कृष्णातला विचारावे. तो प्यायचा आणि मी त्याला घरी पोचवायचो.

पुढे साखरेचा आजार लागला. माझी थोरली बहीण मेहरुनबी, म्हणजे आमची आपा, हिने माझी सून आयेशा हिच्या शिरखुर्म्यावर खापर फोडले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "चाचा, जेवणातली साखर साठवायचं काम लिव्हरचं. तेच थकलंय, म्हणून साखर वाढतीय. सूनबाईचा काय दोष न्हाई. आन रातच्याला उपाशी झोपू नका."

आपाने ते कानाआड केले. मायेपोटीच तिने माझी रात्रीची भाकरी बंद केली. इन्सुलिन मात्र चालूच. पहाटे मी भट्टीपाशी कोसळलो. आयेशाने यंत्रावर पाहिले, तर साखर पार उतरलेली. तिने नानकटाईची पिठीसाखर चिमटीचिमटीने माझ्या गालात चोळली. तेवढ्यात आपा आली आणि दारात उभी राहून ओरडली, "आवं, बघा की! साखरेच्या माणसाला साखर चारतीया! माज्या भावाला मारती ही!"

गल्ली जमली. मी शुद्धीवर आलो तो त्या पोरीचे रडणे ऐकत. तिने मला वाचवले आणि तिलाच लोक मारेकरी म्हणाले. याचा मला आजही संताप येतो.

२. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा झिशान, म्हणजे आयेशाचा नवरा, याला.

३. बेकरी, भट्टी आणि पाव-नानकटाई भाजायचे सगळे पत्रे आयेशाला. सून वारस नसते आणि वारसांबाहेर शरीयतप्रमाणे तिसरा हिस्साच देता येतो. बेकरी त्यात बसते, वकिलाकडून खात्री केली आहे. मुंबईत बसून झिशानने कुरकुर करू नये. पिठात हात घालायला तो कधी आला?

४. आपाला माझी काश्मिरी शाल आणि एक काम. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, फातिह्याच्या जेवणाआधी, तिने गल्लीदेखत आयेशाच्या तोंडात साखर घालावी. आपा, अम्मीच्या माघारी तूच मला वाढवलंस, ते मी विसरलो नाही. पण तुझं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं, तर हेही सगळ्यांनी बघावं.

वरील मजकूर साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि सह्या घेतल्या.

उंब्रज, दिनांक १० जानेवारी २०२५
सही: चांदसाहेब बालेचांद नदाफ

साक्षीदार १: कृष्णात आप्पासो जाधव. (पोचवायचा ते खरं आहे.)

साक्षीदार २: मेहरुनबी, अंगठा. तिने सांगितले तसे लिहिले: "चाळिसाव्यापतूर कशाला थांबू? गल्ली आत्ताच गोळा केलीया. आयेशा, आ कर."