ऐरणीशेजारचा दगड

आबा, तुमच्या त्या दगडाची परीक्षा आज केली. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेची किल्ली मागितली की देतात.

लढाईचे दिवस होते, लोखंड मिळेनासं झालं होतं. जतच्या आपल्या भट्टीवर एक धनगर नारळाएवढा काळा दगड घेऊन येतो. "आवं, हेची कुऱ्हाड व्हईल का बगा." तुम्ही तो हातात घेता आणि हात खाली जातो, इतका जड. कानशीनं एक कोपरा घासता. आत पांढरं चकचकीत लोखंड आणि त्यात हिरवट, काचेसारखे दाणे. कॉलेजात शिकणारा मी शहाणपणानं म्हणतो, "भट्टीतलं कीट हाय, आबा, नुसता लोखंडाचा मळ." तुम्ही हसता. "किटाला भोकं असत्यात रं. ह्याला एक तरी दाव. ह्यो वरनं, आभाळातनं पडलाय. सांगलीला ने, तुज्या मास्तरला दाव." धनगराला तुम्ही स्वतःची कुऱ्हाड देऊन टाकलीत. दसऱ्याला ऐरणीबरोबर त्या दगडालाही हळदकुंकू वाहिलंत.

दिवाळीला मी दगड परत आणला. "मास्तर म्हणले, कीटच हाय." तुम्ही तो पुन्हा एकदा हातात तोलून पाहिलात. "मास्तर म्हंत्यात म्हंजे आसंल," म्हणालात आणि भात्याच्या खांबाखाली तो टेकण म्हणून सारलात. त्यानंतर कुणी लोखंडाची पारख विचारली, की तुम्ही आधी माझ्याकडे बघायचात. ते मला अजून सोसत नाही.

आज कानशीनं पडलेला चुरा आम्लात विरघळवला. लोखंड मधे येऊ नये म्हणून लिंबाचं सत्त्व घातलं, मग अमोनिया, मग निकेल ओळखायचं औषध. नळीत लालगुलाबी साका उतरला. भट्टीच्या किटात इतकं निकेल कुठून येणार? ते आभाळातून पडलेल्या लोखंडात असतं. तुमचा दगड वरूनच पडलेला, आबा. "आबा, बगा," असं मोठ्यानं म्हणून गेलो. खोलीत कुणीच नव्हतं. घरीही आता सांगावं असं कुणी उरलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? दगडाखालीच ठेवतो. एक राहिलं. सांगलीत तो दगड माझ्या ट्रंकेतून बाहेर निघालाच नाही. लोहाराचं पोर कीट घेऊन आलंय म्हणून वर्ग हसेल, याची मला लाज वाटली. मास्तरांनी तो कधी पाहिलाच नाही. त्यांचं नाव मी मुद्दाम घेतलं. माझ्या एकट्याच्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवला नसता.