डोमाजीची म्हातारी अन् मंडईतला झुला

डोमाजी भाऊजीले वैनीचा रामराम.

लिहून राहिली ती आपली पुष्पा, माझी नात. सांगून राहिली ती मी. माझ्या हाताले सांडशी समजते, लेखणी नाही, हे तुले काय सांगाचं! पोरीले बजावून ठेवलं, मी बोलीन तसंच लिही, शाळेतल्या निबंधावानी नटवू नको. ती आतापासूनच फिदीफिदी हसून राहिली. हसू दे.

काल गावची मंडई झाली, आपली दिवाळीनंतरची जत्रा. तू गेल्यावरची पहिली. काल मी जे केलं त्याच्या आज गावात दहा तोंडी दहा गोष्टी झाल्या. कोणी म्हणते बुढी झुल्यात बेशुद्ध पडली, कोणी म्हणते बुढीनं झुलेवाल्याले चपलेनं हाणलं. असलं काही तुझ्यापर्यंत पोहोचाच्या आधी खरं काय ते माझ्याच तोंडून ऐक. बाकी तुले तिकडं करमत असंल म्हणा. तुझी लाडकी म्हातारी तिकडंच फिरते.

गंमत पाहा. तू त्या उपग्रहाले 'म्हातारी' म्हणाले लागला तेव्हा माझे केस काळे होते. तवापासून घरात दोन बाया झाल्या, एक चुलीपाशी अन् एक आभाळात. जेवताना तू गोष्टी कोणाच्या सांगे? तिच्या! आज ती कशी डुलत आली, आज तिचा आवाज कसा बसला. माझा आवाज बसला तं कधी विचारलं का गा?

तिले ऐकाचं ते केंद्र आपल्या गावाले कसं आलं, आठवते? शहरातल्या ऑफिसले अशी जागा पाहिजे होती का जिथं कारखाना नाही, गिरणी नाही, विजेच्या तारांचा कलकलाट नाही. मध्य प्रदेशाच्या सीमेवर, बपेऱ्याच्या अलीकडं-पलीकडं फिरून त्याइले काहीच नसलेलं गाव सापडलं ते आपलंच. काही नाही म्हणून कोणी निवडलं, अशी ती पहिलीच वेळ! पाण्यानं भरलेल्या बोडीच्या पाळीवर दोन खोल्या उठल्या, गच्चीवर हातानं फिरवाची लोखंडी अँटेना बसली, अन् नागपुरात रेडिओचं काम शिकून आलेला माझा देर, म्हणजे तूच, तिथं चिकटला.

मी विचारलं, "पाऊस सांगते का ही तुझी बाई?"

"नाही वैनी."

"वादळ?"

"तेही नाही. ढगाच्या बहुत वर जी हवा राहाते, ती मोजते."

"तिथं कोण राहाते?"

"कोणीच नाही. म्हणून तं तिले कोणी विचारत नाही."

"मंग ही बाई खाते काय?"

"ऊन," तू म्हणाला. अन् मी तुझ्या ताटात आणखी भात वाढला. म्हटलं, उन्हावर जगणारीच्या नादी लागला, हा पोट्टा वाळणार.

तिले सोडणाऱ्यांनी मंग नव्या नव्या सोडल्या. ही जुनी झाली. बॅटरी बसली, सावलीत गेली का मुकी. एक यंत्र मेलं, दोन राहिले. अन् मोठं म्हणजे तिच्या पोटातली टेप बंद पडली. आधी ती जगभर फिरून जे पाहे ते सांभाळून ठेवे अन् एका दमात सांगे. टेप गेल्यावर तिच्याजवळ मागचं काहीच राहात नव्हतं. आता समोर जे आहे ते सांगे, तेही त्या घडीले खाली कोणी ऐकत असलं तं. तू म्हणे, "वैनी, आपल्या डोक्यावरची हवा ती आपल्यालेच सांगते. आपण नाही ऐकली तं ती कोणाकडंच नाही."

तेव्हापासून मी तुले चिडवणं कमी केलं. बंद नाही केलं हं.

तुझं रोजचं काम मले तोंडपाठ झालं होतं. ऑफिसातून टपालानं वेळांचा कागद ये. रेडिओवरच्या टोल्यावर तू घड्याळ लावे. वेळ झाली का गच्चीवर जाऊन अँटेना हळूहळू फिरवे, खाली कागदाच्या गुंडाळीवर पेन रेघ काढे. मंग बसला पट्टी घेऊन, रेघ कुठं किती उंच गेली त्याचे आकडे भरत. गुंडाळ्या टिनाच्या डब्यात, डबा एसटीच्या टपावर, भंडाऱ्याहून पुढं शहरात. तिथं म्हणे ते आकडे कार्डांवर भोकं पाडून कंप्युटरले चारत. मी म्हणे, एवढं जर तू धानाच्या बांधीले केलं असतं! पण खरं सांगू? दुपारचा डबा घेऊन आली का दाराशी उभी राहून तुझं ते वाकलेलं डोकं पाहाले मले आवडे.

एका गोष्टीचा राग मात्र आजही आहे. तुमसरकडची ती पोरगी. सावळी, नाकीडोळी नीट, बोलाले तेज. आम्ही पाहाले गेलो, पोहे आले, पोरगी समोर बसली, अन् हा बहाद्दर घड्याळ पाहून उठला! "माफ करा, माझी वेळ झाली." कशाची वेळ? पोरीच्या बापानं मले विचारलं, "पोराचं कुठं दुसरीकडं आहे का?" काय सांगू? आहे म्हणू, का नाही म्हणू? दोन्ही खरंच होतं! तुझ्या दादानं परत येताना सारा राग बैलाइवर काढला. त्यानंतर मी पोरी पाहाणंच सोडलं. सांग, सोडाले नको होतं का? आणखी एखादी पाहिली असती तं तिनं तुले बांधून ठेवलं असतं का?

अन् मंडईची ती पहिली गंमत! भाऊबीज उलटली का गावोगाव मंडई, तशी आपलीही भरली. दुकानं, गाणे वाजवणारे पोंगे, दिव्यांसाठी नत्थूचं जनरेटर. तू नेहमीसारखी गुंडाळी पाठवली. काही दिवसांनी शहरातल्या ऑफिसचा साहेब स्वतः जीप घेऊन हजर! चेहरा कसा फुललेला. ओसरीवर बसता बसता म्हणाला, "डोमाजी, तुमच्या गावावरच्या हवेत त्या दिवशी केवढी खळबळ आहे! कंप्युटरनं दोनदा तपासून सांगितलं. असं कुठंच सापडलं नाही."

तू तारीख विचारली, मान खाली घातली अन् म्हणाला, "साहेब, ते आभाळ नाही. ते आमची मंडई आहे."

मी आतून चहा घेऊन आली तं साहेबाचं तोंड कसं झालं होतं! आभाळातलं सारं तुफान म्हणजे आपल्या नत्थूच्या डायनमोच्या ठिणग्यांची अँटेनात शिरलेली खरखर! तू गप्प राहिला असता तं तुले शाबासकी भेटली असती. पण तुझ्याच्यानं झालं नाही. मले त्या दिवशी तुझा बहुत अभिमान वाटला. तोंडावर बोलली नाही. तोंडावर म्हटलं, "साहेबाले निदान अनारसा तं खाऊ द्याचा होता आधी."

त्या सालानंतर रीत पडली. मंडईच्या दुपारी केंद्राच्या गच्चीवर पांढरं फडकं चढलं का नत्थू जनरेटर बंद करे, पोंगे गप्प, सारा बाजार दबक्या आवाजात भाव करे. फडकं उतरलं का पुन्हा दणदणाट. बाहेरगावचे पाव्हणे विचारत, "कोणी मेलं का?" आपले लोक सांगत, "नाही, म्हातारी जाऊन राहिली वरून." एका दिवाळीत तं भजनी मंडळानं अँटेनाले जरीची चमचमती माळ घातली, म्हातारीले नजर लागू नये म्हणून! रेघ आली नुसती मेल्यावानी. तू वर चढून माळ काढली अन् सगळ्यांले हात जोडून सांगितलं, "तिले दागिने सोसत नाही."

आता औंदाचं ऐक.

तू खाटेवर पडला तेव्हाच ऑफिसचा निरोप आला होता, उपग्रह थकला, इतक्या जुन्याचा हिशेब करणं परवडत नाही. पोळ्यापासून मंडईपर्यंतचा एक हंगाम रोजच्या रेघा सलग द्या. सलग आला तं केंद्र चालू. मधात खिंडार पडलं तं कुलूप. तुझ्या जागेवर रमेश आला, पवनीचा, लाजरा पोरगा, जेवताना दुसऱ्यांदा मागत नाही. तू खाटेवरून त्याले सगळं शिकवलं. मले म्हणाला, "वैनी, हा हंगाम तुटू देऊ नका." मी म्हटलं, "मले कायले सांगतो, मी का अँटेना आहे?" तू हसला. हसताना तुले खोकला आला.

तू सकाळी गेला. दुपारी तुले न्याची तयारी झाली, तं रमेश खांद्यावर दुपट्टा टाकून दाराशी उभा.

"तू कुठं चालला?"

"आजी, काकाले खांदा देतो."

"खांदा देणारे बहुत आहेत. तिथं बसणारा तू एकटाच आहेस. जा."

तो रडत रडत गेला. बाया कुजबुजल्या, काय बाई आहे, पोट्ट्याले मयतीले येऊ देलं नाही! मी चुकली असं मले आजही वाटत नाही. तूच सांग, त्याच्या जागी तू असता तं आला असता? तू तं माझ्या पोरीच्या मांडवातून उठून गेला होता!

मंडई आली. नत्थू आपला, तो थांबणारच होता. पण औंदा बालाघाटकडून एक झुलेवाला आला, मोठ्या चाकाले पाळणे लटकवलेला उंच झुला, त्याले स्वतःचं इंजन, स्वतःचा डायनमो. रमेशनं सकाळीच हात जोडले. तो म्हणाला, "भाई, मेला एक दिन का है. आसमान की बुढ़िया के लिए कोई झूला रोकता है क्या?" रमेश पाटलाकडं गेला. पाटील म्हणाले, "डोमाजी होता तवाची गोष्ट निराळी. आता कोणासाठी थांबाचं? त्याचा झुला, त्याची मर्जी."

रमेश तोंड पाडून माझ्याकडं आला. मी म्हटलं, "तू गच्चीवर जाय. वेळेच्या जरा आधी फडकं चढव." अन् नवं लुगडं नेसून मी निघाली.

फडकं चढलं. नत्थूचं जनरेटर बंद झालं. झुल्याचं इंजन भडभड चालूच. मी थेट त्याच्यासमोर उभी. म्हटलं, "काय रे भाऊ, आसमान की बुढ़िया के लिए नहीं रोकता, तो जमीन की बुढ़िया के लिए रोकेगा का? मेरेको बैठना है."

"बैठो ना दादी!"

"पहले ये भडभड बंद कर. मेरेको डर लगता."

चारी बाजूनं लोक पाहून राहिले. म्हाताऱ्या बाईले नाही कसा म्हणंल? त्यानं इंजन बंद केलं. मी बसली, पदर सावरला, अन् हाक मारली, "ये वो गिरजा! ये वो जनाबाई! चला सगळ्या, भिऊ नका, बंद आहे!"

डोमाजी, गावातल्या झाडून साऱ्या बुढ्या आल्या! एकीची चप्पल खाली राहिली, एकीले पाळण्यात तोंड कोणीकडं कराचं समजेना, जनाबाई बसली, उतरली, देवाचं नाव घेऊन पुन्हा बसली. झुलेवाला कपाळाले हात लावून उभा. मधातच त्यानं इंजनाकडं हात नेला तं गिरजानं अशी किंकाळी फोडली का त्यानं हात चटका लागल्यावानी मागं घेतला. एक पाळणा भरला का त्याचा माणूस हातानं चाक ढकले अन् दुसरा खाली आणे. मी पहिली बसली होती, म्हणून मी वर वर जात राहिली. शेवटी पार टोकावर.

तिथून मले केंद्र दिसलं. गच्ची दिसली. रमेश अँटेनाचा दांडा धरून होता. अँटेना मध्य प्रदेशाच्या अंगानं उठली, हळू, पान उलटावं इतकी हळू, डोक्यावर आली, अन् मंग वैनगंगेकडं झुकत गेली. वर निळं आभाळ, दुसरं काहीच नाही. पण तो लोखंडी सांगाडा कोणाकडं तरी पाहून राहिला होता, नजर न काढता. मी इतकी सालं डबा दाराशी ठेवून परत फिरली. तू रोज तिले असं पोहोचवून देत होता, हे मी कधी वर येऊन पाहिलंच नाही! तू तरी एकदा म्हणाचं होतं, वैनी, वर या. काहून नाही म्हटलं गा?

मले तिथंच रडू आलं. खालून कोणाले दिसलं नाही, ते बरं झालं.

फडकं उतरलं. मी वरून ओरडली, "हां भाऊ, अब चला!" अन् त्यानं चालवला, बाप्पा! मी दोन्ही हातानं दांडी धरली. जनाबाई मारुतीचं नाव घेत होती, गिरजा झुलेवाल्याच्या मायबापाचं. बेशुद्ध कोणी पडलं नाही, अन् चपलेनं कोणाले हाणलं नाही.

संध्याकाळी रमेश गुंडाळी घेऊन आला, माझ्यापुढं उलगडली. बोडीच्या पाण्यावर उलसा, फुंकरीएवढा वारा असला का जशी लहर येते, तशी रेघ. कुठं काटा नाही. म्हणाला, "आजी, हंगाम सलग झाला." डबे आज सकाळच्या एसटीनं गेले. केंद्र चालंल. मले खातरी आहे. नाही चाललं तं मी त्या साहेबाले इथं बोलावून झुल्यात बसवीन.

आता माझं वचन ऐक. तू सांगितलं होतं, ती दरसाल थोडी थोडी खाली येऊन राहिली, अन् एक दिवस ज्या हवेले जन्मभर मोजलं त्याच हवेत जळून जाईल, राखही कोणाच्या हाती लागणार नाही. तो दिवस येईस्तोवर दर मंडईले आपला बाजार तिच्यासाठी थांबंल, झुला कोणाचाही असो. अन् तो दिवस आला का रमेश पहिले माझ्या दाराशी येईल, तसं त्याले सांगून ठेवलं. मी तिची तेरवी करीन. गावाले जेवू घालीन, वडे-पुरी, काही कमी नाही. मी नसली तं पुष्पा करंल, ती लिहिता लिहिता हो म्हणून राहिली. अन् पंगतीत कोणी विचारलं का ही तेरवी कोणाची, तं सांगू, आमच्या घरची होती. आमच्या डोमाजीची.

तुझी वैनी,
सगुणा
(खाली अंगठा माझाच आहे.)