भर दुपारची लाईट

प्रिय सिदू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. अक्काला आता पत्राची कुठली हौस आली, म्हणशील. मग करू तरी काय? फोन केला की "बरं, ठेवतो" म्हणतोस. श्रावणात माय अन् मी नेकनूरला तुझ्या सासुरवाडीला आलो, तर तू मागच्या दारानं शेळ्या घेऊन गेलास, ते आमची एस.टी. निघून गेल्यावरच परत आलास. तुझ्या बायकोनं, तारानं चहा केला, पण तिलाच बिचारीला कसंतरी वाटत होतं. लहानपणी पाटी फोडलीस की असाच कडब्याच्या गंजीमागं लपायचास. तेव्हा निदान भूक लागली की बाहेर तरी यायचास! आता दसरा झाला की तुमची टोळी ऊसतोडीला निघेल, अन् मग सहा महिने तुझा पत्ता लागायचा नाही. म्हणून ताराच्या भावाच्या हाती हे पत्र देते आहे. शेवटपर्यंत वाच. मधेच उठलास तर तुला माझी शपथ आहे.

माय ठणठणीत आहे. गुडघे दुखतात म्हणते अन् शेजारच्या सुंदरबाईशी भांडायला मात्र दहा पायऱ्या उतरून जाते. यंदा पाऊस बरा झाला. विहिरीत पाणी इतकं वर आहे की घागर दोराशिवाय भरेल. आपली चांदी गाय, जी चारा छावणीत नुसती हाडं होऊन बसली होती, ती व्याली, कालवड झाली. संस्थेत दूध इतकं येतंय की कॅन कमी पडतायत. आठवतं ना, त्या दुष्काळात सगळ्या वाडीचं मिळून दोन कॅन भरायचे नाहीत, तेही छावणीत जाऊन आणावं लागायचं. संस्था बंद करा, असं सगळे म्हणत होते. अध्यक्ष आप्पाराव एकटे अडून बसले होते. आता तेच आप्पाराव मिशीला पीळ देत फिरतात. देऊ देत, त्यांचा हक्क आहे.

तुझ्या दाजींचा पाय बरा आहे. जरा लंगडतात, पण काठी कधीच टाकली. दूध घेऊन रोज धारूरला शीतकरण केंद्रावर जातात, तीच जुनी मोटारसायकल, दोन्ही बाजूंना कॅन, अन् भर दुपारी लाईट चालू. तुला एक गंमत सांगते. आपल्या वाडीतल्या राधाकिशननं पोळ्याला नवी गाडी घेतली. पूजा झाली, नारळ फुटला, गडी ऐटीत रस्त्याला लागला, तर येणारा-जाणारा जो तो पंजा उघडून-मिटून त्याला खुणावतोय, "लाईट चालू हाय!" हा बटण शोधतोय, तर बटणच नाही. तसाच तावातावानं शोरूमला गेला, "खराब गाडी गळ्यात मारली" म्हणून. तिथल्या पोरीनं सांगितलं, काका, आता सरकारी नियमानं सगळ्या नव्या गाड्या अशाच येतात, समोरच्याला तुम्ही दिसावं म्हणून लाईट दिवसाही चालूच राहणार. राधाकिशन परत आला तो सरळ आमच्या दारात. दाजींना म्हणतो, "सरकारनं तुमचीच नक्कल केली की हो!" दाजी इतके हसले की ठसका लागला. मी आत चुलीपाशी होते. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून माझं कशातच मन लागेना, ते का, तेच सांगायला बसले आहे.

दाजींना ती सवय कशी लागली, तुला माहीतच आहे. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी घाटात एक जीप अंगावर येता येता राहिली. जीपवाला उतरून हात जोडत म्हणाला, धुळीत तुमी दिसलाच न्हाई हो. त्या दिवसापासून किल्ली फिरवली की आधी लाईट. बॅटरी जाईल, बल्ब उडेल, सगळ्यांनी सांगून झालं. हे आपले शांत. रस्त्यानं शंभर माणसं खुणावायची अन् हे शंभरांना हात वर करून "असू द्या, असू द्या" करत जायचे. लोक हसायचे ते मात्र मला ऐकावं लागायचं. पाणी भरायला गेले की बायका म्हणायच्या, "कावून गं रतन, तुझ्या मालकाला दिवसा दिसत न्हाई का?" मी वरून हसायचे, आतून लई राग यायचा. बायकांचा नाही, ह्यांचाच.

अन् तू! त्या दोन वर्षांत तुझ्या टँकरची वाट बघितली नाही असं एक घर वाडीत नव्हतं. मारुतीच्या देवळामागचा तो बोळ, तिथून बैलगाडी निघायची मुश्कील, तू आख्खा टँकर उलटा घालायचास विहिरीपर्यंत. म्हाताऱ्या येईपर्यंत पाणी सोडायचा नाहीस. सरस्वतीबाई अजून म्हणते, सिदूसारखा डायव्हर पुन्हा व्हायचा न्हाई. मला तुझा इतका अभिमान होता की दुसऱ्या कुणाच्या टँकरचं पाणी आलं तर मला ते अळणी लागायचं. खरंच सांगते, हसू नकोस.

मग तो चैत्रातला दिवस. दाजी अन् मी गाडीवर घाट उतरत होतो, पुढं खडीचा ट्रक होता, अन् त्याच्या धुरळ्यात आम्ही. तू टँकर घेऊन वर येत होतास. ट्रक निघून गेला, आता रस्ता मोकळा म्हणून तू समोरच्या बैलगाडीला वळसा घातलास, अन् आम्ही तुझ्या पुढ्यात. तू ब्रेक दाबलास, टँकर बाजूला घेतलास, म्हणून तर आम्ही दोघं जिवंत आहोत. नुसतं हँडल घासलं. गाडी दाजींच्या पायावर पडली, लाईटची काच फुटली, पाय दोन ठिकाणी मोडला. तूच आम्हाला उचलून टँकरच्या केबिनमध्ये घातलंस अन् दवाखान्यापर्यंत रडत नेलंस. तिथं जो भेटायला आला त्यानं एकच विचारलं, सख्ख्या दाजीची चालू लाईट ह्याला दिसली कशी न्हाई? तू ते ऐकत भिंतीला टेकून उभा होतास. तिसऱ्या दिवशी टँकरची किल्ली मालकाला देऊन आलास. मग बीडला जाऊन डोळे तपासलेस. डॉक्टर म्हणाले, नजर एकदम चांगली आहे, तरी तुझा विश्वास बसला नाही. लाईट असून दिसली न्हाई म्हंजी माझ्यातच कायतरी खोट हाय, असं मायजवळ म्हणालास. अन् हातात कोयता घेतलास. ज्यानं आयुष्यात स्टेअरिंगशिवाय काही धरलं नाही, तो दोन हंगाम ऊस तोडतोय. सिदू, तुझ्या हाताला पडलेल्या घट्ट्यांचं मायनं मला सांगितलं, तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडले.

आता कामाचं सांगते. संस्थेनं दुधासाठी टेम्पो घ्यायचं ठरवलंय. वाड्या-वाड्यांवरून दूध गोळा करून धारूरला न्यायचं, रोज दोन खेपा. बारमाही काम, रात्री घरी. परवा वार्षिक सभा झाली, त्यात डायव्हरचा विषय निघाला. आप्पाराव म्हणाले, माझ्या मनात सिदू हाय. लगेच राधाकिशन उठला. वाईट मनानं नाही बोलला तो, पण बोलला. "ज्याला सख्ख्या दाजीची चालू लाईट दिसली न्हाई, त्याच्या भरवशावर घाटातनं दूध धाडायचं का?" मी संचालकांच्या रांगेत बसले होते. दाजी समोर सतरंजीवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम खाली बघत राहिले. मी उठले.

सभेत जे बोलले तेच तुला लिहिते, त्याच्यासाठीच हे सगळं पत्र. सिदू, तुझ्या नजरेत काही खोट नाही. त्या दिवशी लाईट बंद होती. मी बंद करायला लावली होती. संचालक म्हणून धारूरला माझी पहिली बैठक होती, पैठणी नेसले होते, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या नावानं नाही तर माझ्या नावानं कागद आला होता. अन् वाडीतून निघाल्यापासून जो तो खुणावतोय, स्टँडवरची पोरं दात काढतायत. घाटाच्या तोंडाशी माझा संयम सुटला. म्हटलं, आजच्या दिवस तरी बंद करा ते, माझी शोभा करू नका. ते एकदा "असू दे गं" म्हणाले. मी म्हटलं, मग मला इथंच उतरवा. त्यांनी बटण दाबलं. तिसऱ्या वळणावर तू आलास. दवाखान्यात मला कुणीतरी विचारलं, लाईट चालूच असंल ना? अन् मी "हो" म्हणून मान हलवली. लाजेनं हलवली, भीतीनं हलवली, मग ती मान मला अडीच वर्षं उलटी फिरवता आली नाही. दाजींनी एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. तुला सांगायला दोनदा निघाले अन् माझं तोंड बघून परत फिरले. एवढंच म्हणायचे, "रतन, ते तुझं तूच सांग, पण लई उशीर करू नको." मी केला. तुझे दोन हंगाम खाल्ले मी. मला शिव्या दे, घरी येऊन दे, मायच्या देखत दे, मी खाली मान घालून ऐकेन. सभेत माझं बोलणं संपलं, तर राधाकिशनच पुन्हा उठला अन् म्हणाला, मग बसलाव कशाला, ठराव लिहा. ठराव झाला, वहीत अनुमोदक म्हणून तुझ्या दाजींची सही आहे. टेम्पो दसऱ्याला येतोय. ऊसतोडीच्या मुकादमाला काय सांगायचं ते आप्पाराव बघणार आहेत. अन् येत्या रविवारी सकाळी दाजी मोटारसायकल घेऊन नेकनूरला तुला आणायला येतायत. मागच्या दारानं जाऊ नकोस. येताना ते मागं बसणार आहेत, गाडी तू चालवायची. असं त्यांनीच सांगितलंय.

वाट बघणारी, तुझीच चुकलेली
रतनअक्का