जिभेवर तपासलेलं पाणी

अप्पा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडून बसले आहे. घरात चिडायला माणसं कमी आहेत असं नाही. बीदरला आम्ही नवं घर बांधलं, अंगणात बोअर पाडला, आणि पाणी लागलं त्याच आठवड्यात तुमच्या नातवानं ते शुद्ध करायचं मशीनही ठरवून टाकलं. विकणारा घरी आला. पेनाएवढं मीटर ग्लासात बुडवून त्यानं मला क्षारांचा आकडा दाखवला. "देखो अम्मा, एकदम मस्त पानी है. ये लाइटवाला मशीन बस है, लाइट से जंतू मर जाते." पाण्यात काय काय आहे ते सगळं हे मीटर सांगतं का, असं मी विचारलं, तर तो नुसता हसला. मुलगा म्हणाला, "आई, कामून वाद घालायलीस? घोटभर पिऊन तर बघ, किती गोड हाय." झालं. तुमचंच वाक्य, तुमच्याच चालीत. तुम्ही गेलात तेव्हा हा चार वर्षांचा होता. त्यानं ते कुठून उचललं कोण जाणे.

खटकचिंचोळीत तुम्ही पंचायतीचे वाटरमन होतात. सकाळी व्हॉल्व्ह सोडायचा, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची, आणि गावात कुठंही नवा बोअर पडला की पहिला घोट तुमचा. मला ते अजून दिसतं. माणसं गोल करून उभी आहेत, तुम्ही डोळे मिटून पाणी तोंडात घोळवता, गिळता, आणि म्हणता, "गोड हाय. प्या." माळावरचा बोअर पडला तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ रांगत होता. ते पाणी तुम्हाला एवढं आवडलं की आपल्या घरासाठी तुम्ही रोज सायकलला दोन घागरी बांधून तिथूनच आणू लागलात. आई म्हणायची, दारातल्या नळाला काय झालंय? तुम्ही म्हणायचात, "लेकरं हायत घरात. लेकरांना चांगलं पाणी नको व्हय?" गावानं नळाचं पाणी प्यायलं. माळावरचं प्यायलो फक्त आपण.

माझा हट्ट एवढाच होता, आधी तपासणी, मग मशीन. त्यासाठी मला काय काय ऐकावं लागलं. पहिल्यांदा मुलानं सरबताच्या जुन्या बाटलीत पाणी भरून नेलं, तेही गच्चीवरच्या टाकीतलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटली हुंगून परत दिली. दुसऱ्यांदा बाटली नवी होती, पण घाईत अर्धीच भरलेली. शेवटी मीच बोअर दहा मिनिटं चालू ठेवला, नवी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, काठोकाठ भरली आणि ऑटोत मांडीवर घेऊन बसले. आमचे हे दारातून म्हणाले, "काय, बाटलीला शाळेत घालायला चाललीस का?" या घरात साडी घेताना चार दुकानं फिरतात, आणि पाणी मात्र एका घोटावर पास होतं.

कागद घ्यायला गेले तेव्हा बाईंनी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत समजावून सांगितलं. "खारेपणा न्हाई, जंतू न्हाईत. पण फ्लोराइड लई हाय. त्याला चव नसते, वास नसतो. उकळून जात न्हाई, लाइटवाल्या मशीननंबी जात न्हाई. प्यायला आन् सैपाकाला आरओचं पाणी घ्या." मग कागदावरून मान वर करून विचारलं, "घरात लहान लेकरं हायत का?" मी म्हटलं, नात आहे तीन वर्षांची. "मग उशीर करू नका. पक्के दात आत्ताच हिरडीच्या आत तयार व्हायलेत. हेच पाणी पीत राहिली तर दातांवर तपकिरी डाग येतात. मग किती बी घासा."

मी तिथल्याच बाकावर बसले. धाकट्याचे दुधाचे दात पडून नवे आले ते डाग घेऊनच आले. तुम्ही म्हणालात, कार्टं दात घासत नाही. रोज सकाळी न्हाणीपाशी उभं करून तुम्ही स्वतःच्या बोटानं राख लावून त्याचे दात घासायचात, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. तो रडत रडत सांगायचा, "घासलोय अप्पा, खरंच घासलोय." एकदा पाव्हण्यांसमोर तुम्ही त्याला खोटारडा म्हणून थोबाडीत दिलीत. खरं तोच बोलत होता, अप्पा. माझे पक्के दात त्या पाण्याआधीच आले होते, म्हणून मी वाचले. तो आजही तोंडावर हात धरून हसतो. लग्नाच्या एकाही फोटोत त्याचे ओठ उघडलेले नाहीत.

प्रयोगशाळेच्या पायरीवरूनच त्याला फोन केला. कोळारला कारखान्यात त्याची जेवणाची सुट्टी चालू होती. सगळं सांगितलं. त्यानं डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अप्पाला कुठं म्हाईत होतं, अक्का? एवढ्या लांबून वढून आणायचे." आणि लगेच, "ठेवतो, भोंगा व्हायलाय." बस्स. ज्यानं चिडायचं तो असा, म्हणून त्याच्या वाटचं मीच चिडते आहे. माळावरचा बोअर कधीच आटला, हे मी गावात विचारून घेतलं. इथं आरओ बसला. मुलगा आता शेजाऱ्यांना सांगतो, आम्ही तपासल्याशिवाय काहीच घेत नाही. मी ऐकून घेते.

पण तुमच्यावर एवढं लिहिल्यावर माझंही एक लिहायला हवं. दातांना गंज चढलाय म्हणून शाळेत पोरं त्याला 'गंज्या' चिडवायची. हे नाव कुणी पाडलं ते विचारायला तुम्ही तावातावानं मास्तरांकडे गेला होतात, आणि कुणीच सांगितलं नव्हतं. अप्पा, ते मी पाडलं होतं, चार मैत्रिणींना हसवायला. धाकट्याला हे अजून सांगितलेलं नाही. फोनवर त्या दिवशी तोंडापर्यंत आलं होतं, आणि भोंगा झाला म्हणून मला बरं वाटलं.