चोवीसही हजर

२३ एप्रिल २००६, गार्चिंग

आले एकदाची! हॉखब्रुकला यू-बान, म्हणजे इथली मेट्रो, संपते, पुढे बस. त्या बसमध्ये माझ्या दोन बॅगा आणि प्रेशर कुकर चढवताना ड्रायव्हरने जो चेहरा केला, तो मी जन्मात विसरणार नाही. वोनहाइममधली, म्हणजे होस्टेलमधली, खोली एवढीशी आहे, पण खिडकीतून हिरवंगार शेत दिसतं. शेजारच्याच खोलीत उल्का. पुण्याच्या कॉलेजात ती माझ्याच वर्गात होती, एक वर्ष आधी इथे आली, लेझरवर पीएचडी करते. तिने आल्या आल्या पिठलंभात खाऊ घातला आणि वर बजावलं की हे लाड आजच्यापुरतेच, बेसन म्युनिकहून आणावं लागतं. मी खूश आहे. अगदी खूश.

९ मे

उल्काने मला ओढतच तिच्या कॉयरमध्ये नेलं. एकच जागा रिकामी होती, ती मला मिळाली. मला वाटलं होतं, आपल्या भजनी मंडळासारखं काहीतरी असेल. कसलं काय! संचालिका फ्राऊ होल्टकाम्प साठीच्या आहेत आणि सात म्हणजे सात. सात वाजून एक मिनिटाने आलेल्याला दाराबाहेर उभं करतात. आम्ही चोवीस जण, प्रत्येकाला नंबर. तालीम सुरू होण्याआधी सगळ्यांनी क्रमाने आपापला नंबर ओरडायचा, त्या मान खाली घालून यादीवर खुणा करत जातात आणि चोवीस झाले की ‘गेनाऊ’ (बरोबर!) म्हणून हात वर करतात. उल्का अठरा, मी एकोणीस. मला हसू आवरेना. आमच्या कॉलेजातली हजेरी आठवली.

ऑगस्टमध्ये दौरा आहे: नामिबियात उतरायचं आणि वाटेतल्या चर्चमधून गात गात बसने केप टाउनपर्यंत. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, तू तिथे शिकायला गेलीस ना?

६ ऑगस्ट, नामिबिया

चार दिवस बसमध्ये आहोत. रस्ता सरळ, खडीचा, दोन्ही बाजूंना काहीच नाही, आणि ते काहीच नाही इतकं सुंदर आहे की मी गोळी खाऊन झोपायचंही विसरते (बस मला लागते). थांबलो की उतरायचं, चढलो की नंबर. उल्का आणि मी आठव्या बाकावर. काल एका खेड्यातल्या चर्चमध्ये गायलो, तर तिथल्या बायकांनी उठून आमच्याहून दुप्पट चांगलं गाऊन दाखवलं. फ्राऊ होल्टकाम्पसुद्धा रडल्या.

उल्का मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून भटकते आणि उशिरा येते. आज दुसऱ्यांदा झालं. बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावली आणि सांगितलं, पुन्हा उशीर झाला तर केप टाउनचं सोलो दुसरीला. वर्षभर त्या सोलोसाठी घसा फोडलाय तिने. तिची आई, सुलेखाकाकू, रेकॉर्डिंगची वाट बघतायत.

८ ऑगस्ट

हे नीट लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच कळेल.

दुपारी वाळवंटातल्या एका पेट्रोलपंपावर थांबलो. निघायच्या वेळी उल्का माझ्या खिडकीखाली आली. पंपामागच्या कोरड्या नदीत एक झाड होतं, तिला त्याचा फोटो हवा होता. म्हणाली, अगं, दोनच मिनिटं, मागच्या दाराने चढते, माझी प्रॉक्सी मार. कॉलेजात आम्ही एकमेकींच्या किती मारल्या त्याला गणती नाही. मी हो म्हटलं. मोजणी सुरू झाली. सतरा झालं, मी खाली वाकून बारीक आवाजात अठरा म्हटलं, मग सरळ होऊन एकोणीस. बाईंनी मान वरही केली नाही. चोवीस झाले. बस हलली, त्याच वेळी मागचं दार आपटलं. आली, असं मला वाटलं. गर्दीतून मागे जायचा कंटाळा केला, गोळी घेतली आणि झोपले.

तीन तासांनी जाग आली ती पुढच्या थांब्यावर. मोजणी चालू होती. अठरा नंबर मागून आला आणि मला हुश्श झालं. मग लक्षात आलं, तो बारीक केलेला आवाज माझा होता. मागे जाऊन पाहिलं. मागच्या बाकावर कोणी नाही.

९ ऑगस्ट

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी बाईंना सांगितलं, उल्का मागे राहिलीय, बस वळवा. त्यांनी यादी दाखवली. अठरासमोर खूण. त्या म्हणाल्या, मी स्वतः ऐकलं. इतरांना विचारलं, तर सगळे म्हणाले, आहे की, पुढे असेल, मागे असेल, आत्ताच तर होती. लॉजवर तिची गादी चुरगळलेली होती. प्रॉक्सीचं मी सांगितलं नाही. लाज वाटली. भीती वाटली. देवा, ती तिथे एकटी आहे, आणि तिथे रात्री किती थंडी पडते.

११ ऑगस्ट, सीमेवर

आज सांगून टाकलं. रडत रडत, सगळ्यांसमोर, की तेव्हा अठरा मी म्हटलं होतं. फ्राऊ होल्टकाम्पनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, बरं, मग आज सकाळी कोण म्हणालं? पासपोर्ट त्यांच्याच पिशवीत असतात. अधिकाऱ्याने चोवीस पासपोर्ट घेतले, बसमध्ये चढून माणसं मोजली आणि चोवीस शिक्के मारून दिले. मी त्याच्या हाताला धरलं, त्याला म्हटलं एक कमी आहे. त्याने पुन्हा मोजलं. चोवीस.

ड्रायव्हरने लॉजवरून त्या पेट्रोलपंपाला फोन लावून दिला. तिथल्या माणसाने नम्रपणे विचारलं, तुमच्यातलं कोणी हरवलंय का? मी बाईंकडे फोन दिला. त्या नाही म्हणाल्या.

१९ ऑगस्ट, केप टाउन

उल्काचं सोलो झालं. मी डोळे मिटून घेतले होते. टाळ्या पडल्या. माझा घसा बसलाय.

४ सप्टेंबर, गार्चिंग

पोलिसांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं: विमानाने परत आली, पत्ता तोच, आनमेल्डुंग (रहिवासी नोंदणी) चालू, फॅकल्टीत हजेरी चालू. कागदावर असलेल्या माणसाला हरवलेलं म्हणता येत नाही, असं तिथल्या पोलीसबाई जरा कंटाळून म्हणाल्या. नामिबियाला परत जायचं विमानाचं तिकीट बघितलं. एकटी गेले तर? तो पंप कुठे होता हे मला नकाशावर दाखवता येत नाही. मी झोपले होते.

घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले. मग आवाज कुठे जातोय?

१० सप्टेंबर

सुलेखाकाकूंचा फोन. मला काही बोलूच देईनात. सोलोचं रेकॉर्डिंग मिळालं, सगळ्या सोसायटीला ऐकवलं. उल्का रोज फोन करते हल्ली, पूर्वी आठवड्यातून एकदा करायची. फक्त तिचा आवाज बदललाय गं, म्हणाल्या, अगदी तुझ्यासारखा वाटतो. थंडीची काळजी घ्या दोघी.

मी काकूंना कधीच फोन केलेला नाही.

१७ ऑक्टोबर

यू-बान आता कॅम्पसपर्यंत आली. सगळीकडे फुगे. कॉयर सोडून आठ दिवस झाले, तरी आज समोरच्या फलाटावर कॉयरमधली गेसीना भेटली आणि म्हणाली, काल तालमीत छान गायलीस. मी काल खोलीत होते. दार लावून.

उल्काच्या खोलीत कोणीतरी गळा साफ करतं. माझ्यासारखंच—

४ नोव्हेंबर

ठरलं. बर्लिनचा कार्यक्रम आहे, बसने जायचं आहे. कॉयर सोडलं तरी यादीत माझा नंबर आहेच; मी जाणार आणि त्या नंबरला गप्प बसणार. तेवीस भरले की त्यांना थांबावंच लागेल. एकदा मोजणी कमी पडली की विचारावं लागेल, कोण नाही, कधीपासून नाही. मग कोणीतरी तिला शोधायला जाईल. तीन महिने झाले. आता शोधायला काय उरलं असेल— नाही. असं लिहायचं नाही.

५ नोव्हेंबर, बसमध्ये

सतरा. मग मागून अठरा. मी ओठ दाबून धरले.

मागूनच एकोणीस आलं. माझ्याच आवाजात.

चोवीस. गेनाऊ. बस निघाली.

त्याच दिवशी

कोणी बघत नाही माझ्याकडे. गेसीनाने तिचा कोट माझ्या बाकावर टाकला, माझ्या मांडीवर. मी ओरडले. तोंड उघडलं नुसतं.

बर्लिन. सगळे उतरले. उतरतानाही मोजले. पुरे भरले. मी दारापाशी पोचायच्या आत ड्रायव्हरने दार बंद केलं. काचेवर हात आपटते आहे, तो दोन फुटांवर उभा राहून सिगरेट ओढतोय. चार वाजलेत, बाहेर ऊन आहे, माणसं आहेत—

तो गेला

खिडक्या उघडत नाहीत. काच फोडायची लाल हातोडी घेतली, काचेला ओरखडासुद्धा—

कोणीतरी मागच्या बाकावर आहे.

अठरा, म्हणाली. मराठीत. आमच्यात कोणी मराठीत मोजत नाही. आणि हा आवाज माझा नाही. तिचा आहे, तिचा स्वतःचा, कोरडा पडलेला, पण तिचाच

पुन्हा म्हणाली. आणि थांबली. माझ्यासाठी थांबली आहे. मी बोलले तर इथलीच होईन, कायमची, आणि नाही बोलले तर ती परत एकटी

उल्का, ऐक, मला आवाजच

घशात काहीतरी येतंय. येतंय. एको—