वल्ह्यांचं कापड

ताकोराडी,
ता. ६ फेब्रुवारी

ती. यावोमामास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं बोचकं ब्राइट ड्रायव्हरनं बसस्टँडवर माझ्या हाती दिलं. मक्याचे वाफवलेले अबोलो वाटेत थोडे आंबले होते, पण माझ्या लेकीनं, सित्सोफेनं, चाटूनपुसून खाल्ले. तळलेले बारके मासे मी घरमालकिणीला, आराबाबाईंना दिले. त्या म्हणाल्या, तुमच्या केतात ह्यांना शाळकरी पोरं म्हणतात ना, मग ही पोरं रोज शाळा बुडवून माझ्याकडे आली तरी माझी काही तक्रार नाही.

मामा, पुन्हा लिहिते, फोन करू नकोस. अर्धं गाव तुझ्या फोटो-स्टुडिओत फोन चार्जिंगला लावतं आणि तुझा फोन ज्याच्या हाती पडेल तो उचलतो. एकदा अग्बेकोच्या हाती पडला म्हणजे संपलं. नवऱ्याला, सेलासीला, पुरून माती वाळली नव्हती आणि ह्याच अग्बेकोनं, थोरल्या दिरानं, मला अंगणात बसवून सांगितलं होतं, पोर आमच्या रक्ताची, ती इथेच वाढेल. तुला तिच्याजवळ राहायचं असेल तर माझ्या घरात ये, माझ्या दोघी बायका तुला सांभाळून घेतील. तू तिथेच होतास, तुला काय नव्यानं सांगू. पोरीला घेऊन इथे पळून आले, तरी कपडे धुताना, स्वयंपाक करताना मला अजून तोच आवाज ऐकू येतो. दारावर थाप पडली की मी आधी पोरीला ओढून घेते आणि मग कोण आहे विचारते.

आता कामाचं. आराबाबाईंच्या शिवणखोलीत मी फोनवर शिवणकामाचे धडे चित्रित करते. गळा कसा कापायचा, बाही कशी बसवायची, असं. तोंड दाखवत नाही, नुसते हात आणि टेबल. एक स्टूल टेबलावर उलटं ठेवलंय आणि त्याच्या पायांना फोन बांधलाय. मागच्या भिंतीला ओल आलीय, म्हणून माझ्याजवळचं एक काळपट कापड खिळ्यांवर टांगलं. पण सगळं कसं अंधारलेलं, पिवळट दिसतं. सुई दिसत नाही, दोरा दिसत नाही. बघणाऱ्या बायका लिहितात, बाई, तू शिवतेस की कुणाला पुरतेस? तू आयुष्यभर लोकांवर उजेड पाडलास, मलाही स्वस्तातला काही मार्ग सांग.

तुझी माया आहे म्हणून इतकं मागायचा धीर होतो. ती अशीच असू दे.

तुझी भाची,
देलाली


केता,
ता. १४ फेब्रुवारी

चि. देलालीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या नावामागचं सौ. मी गाळलंय, ते विसरलो म्हणून नव्हे. ते लिहिलं की अग्बेको स्वतःची वर्णी लावेल, अशी मला धास्ती वाटते.

गधडे, मामा फोटोवाला आणि भाची अंधारात शिवते! लोक काय म्हणतील? नीट वाच. पहिला दिवा म्हणजे खिडकी. तो फुकट आहे. टेबल असं लाव की खिडकी तुझ्या डाव्या हाताला येईल, म्हणजे उजव्या हाताची सावली सुईवर पडणार नाही. उजवीकडे मासेवाल्यांच्या खोक्याचं पांढरं थर्माकोलचं झाकण उभं कर. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावल्या मऊ होतात. खोकं धुऊन घे, नाहीतर मांजरं तुझे धडे शिकायला येतील. हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ असेल त्या दिवशी उजेड आपोआप पांढरा आणि शांत मिळतो, तो वाया घालवू नकोस.

वीज असेल तेव्हा दोन पांढरे बल्ब लाव, पण दोन्ही एकाच जातीचे. एक पिवळा आणि एक पांढरा लावलास तर लाल कापड विटकरी दिसेल आणि गिऱ्हाईक तुला खोटारडी म्हणेल. बल्बपुढे पातळ पांढरं कापड टांग, मात्र चिकटवू नकोस, जळेल.

आता मागचा पडदा. खिळे काढ. एक दोरी बांध, कापडाला इस्त्री कर, खालच्या काठाला जड काठी शिव म्हणजे ते ताठ लोंबेल. भिंतीपासून चांगलं हातभर पुढे घे, त्यामुळे सावली मागे पडते आणि चित्राला खोली येते. आणि काळं कापड उजेड गिळून टाकतं, म्हणून दुसरा बल्ब खालून त्याच्यावरच सोड. माझ्या स्टुडिओतला विमानाच्या जिन्याचा पडदा आठवतो ना? सगळं केता त्या जिन्यावरून लंडनला जाऊन आलं, ते खालून सोडलेल्या एका बल्बच्या जिवावर.

इकडची बातमी चांगली नाही. समुद्रानं आमच्या गल्लीचं शेवटचं नारळाचं झाड नेलं, पण मला त्यापेक्षा अग्बेकोची भीती जास्त वाटते. तो दर बाजाराच्या दिवशी येतो, बाकावर बसून राहतो. परवा निघताना म्हणाला, मामा, एवढीशी पोर आणि एवढा मोठा देश, कुणीतरी कधीतरी पाहणारच. विहीणबाई दाराबाहेर उभ्या होत्या. लेकाच्या मागून त्या हल्ली अशाच फिरतात. मी नमस्कार केला तर मान फिरवली. तुझ्या सासूच्या मनात काय आहे, मला काही थांग लागत नाही.

जपून राहा. म्हाताऱ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा मामा,
यावो


ताकोराडी,
ता. २ मार्च

ती. यावोमामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, तुझ्या हाताला साखर! सगळं तू सांगितलंस तसंच केलं. थर्माकोलचं झाकण तीनदा धुतलं, तरी मांजर आलंच. आता सुईचं नाकसुद्धा दिसतं. आराबाबाई फोनमध्ये बघून म्हणाल्या, अगं, ही माझीच खोली का? मी इथे इतकी वर्षं फुकट आंधळी बसले.

आणि ते कापड! आधी नुसतं काळंकुट्ट दिसायचं. खालून बल्ब सोडला आणि काळ्या जमिनीवरची निळी वल्ही एकेक करून वर आली. तू ओळखलंसच असशील. सेलासीच्या मातीला त्याच्या घरानं सगळ्यांना नेसायला काढलेलं कापड ते. निघताना मी त्यात सित्सोफेला गुंडाळून आणली होती, दुसरं मोठं कापड माझ्याकडे नाहीच. टांगताना म्हटलं, नवरा पाठीशी उभा आहे असं समजावं आणि शिवत बसावं. ताकोराडीतल्या लोकांना त्या वल्ह्यांचं काय कळतंय? आमच्या घरमालकिणीला ते चमचे वाटले.

धडे आता पुष्कळ लोक बघतात. कुठून कुठून बायका कापडं पाठवायला विचारतात, म्हणून खाली आराबाबाईंचा नंबर दिलाय. मंगळवारी एका बाईनं त्यांना फोन करून पत्ता विचारला, कापड घेऊन स्वतःच येते म्हणाली. आराबाबाईंनी दिला. बाईची बोली तुमच्याकडची वाटली, असं त्या सहज बोलून गेल्या आणि माझ्या हातातला भात खाली सांडला. मग मीच स्वतःला समजावलं, आपल्याकडचे लोक कुठे नाहीत? तरी त्या दिवसापासून सित्सोफेला शाळेत सोडायला आणि आणायला मी स्वतः जाते. ती विचारते, आई, तू सारखं मागे काय बघतेस? मी सांगते, काही नाही गं, मान दुखतेय.

तूच सांग, मी उगाच भिते ना?

तुझ्या दोन ओळींची वाट बघते. माया राहू दे.

देलाली


केता,
ता. ७ मार्च

देलाली, आशीर्वाद वगैरे मनातले समज.

आधी उठ आणि ते कापड उतरव. मग पुढचं वाच.

तुझं पत्र आज सकाळी ब्राइटनं दिलं आणि मी वल्ही या शब्दावर येऊन थांबलो. पोरी, काय केलंस हे! ती वल्ही त्या घरानं खास छापून घेतली होती. आपल्याकडे एका घराच्या मातीचं कापड दुसरं कुणी अंगाला लावत नाही, शेजारीसुद्धा नाही, हे तुला मी शिकवायचं? त्या दिवशी दोनशे माणसं ते नेसून उभी होती आणि फोटो मीच काढले. केतातलं शेंबडं पोरही ते ओळखेल. अंधारात होतं तोवर लपलेलं होतं. माझ्या बल्बनं ते उघडं पडलं. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

पत्र वाचून घडी घालतोय तोवर अग्बेको आत आला, मागोमाग विहीणबाई. त्यानं फोन माझ्या नाकापुढे धरला. तुझे हात, तुझं टेबल आणि मागे ते कापड. म्हणाला, मामा, तुम्ही जाणकार आहात, बघा बरं, हे कुठलं कापड? मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणालो, बाजारात अशी ढिगानं मिळतात, हे चमचे दिसताहेत. तुझ्या आराबाबाईंचीच अक्कल उसनी घेतली. तो हसला. तसं हसणं मला आवडत नाही. म्हणाला, आई सांगेल, तिनंच तर नक्षी पसंत केली होती. विहीणबाईंनी फोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, काचेतून मला काही समजत नाही, हातात घेतल्याशिवाय मी सांगणार नाही. त्यावर तो म्हणाला, मग चल, हातातच देतो. आराबाबाईंना आलेला तो फोन त्याच्या धाकट्या बायकोचा होता, हे जाताना त्यानंच सांगितलं. घराचा पत्ता त्याच्याकडे आहे.

ते केव्हा निघणार ते कळलं नाही. हे पत्र आजच ब्राइटच्या हाती देतोय. मिळताक्षणी पोरीला घेऊन निघ, कुठे ते मलाही सांगू नकोस. बोललं की तोंडून निसटतं.

देव तुमच्यावर पांघरूण घालो.

यावो


ताकोराडी नव्हे,
ता. ११ मार्च

ती. यावोमामास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी धड आहोत. हे आधी लिहिलं, म्हणजे तू पाणी पिऊन पुढचं वाचशील.

तुझं पत्र आणि ते दोघं एकाच बसनं आले. ब्राइट बिचारा काय करणार, त्याच्या मागच्याच बाकावर अग्बेको बसला होता आणि पत्र ब्राइटच्याच सदऱ्याच्या खिशात. मला ते दुसऱ्या दिवशी मिळालं.

रविवार होता. प्रार्थनेहून येऊन मी खिडकीशी टेबल लावत होते. सित्सोफे बल्बपुढचं कापड ताणून धरत होती. अंगणात आवाज आला. मी खिडकीतून बघितलं, तर अग्बेको आणि सासूबाई. बाहेर जायची वाट अंगणातूनच आहे. मी पोरीला उचललं आणि दोरीवरच्या कापडामागे शिरले. तू हातभर अंतर ठेवायला सांगितलं होतंस, तेवढ्या फटीत आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. बल्ब बंद करायचं सुचलं नाही. तो खालून कापडावर तसाच जळत होता.

बाहेर आराबाबाईंनी किल्ला लढवला. अग्बेको म्हणाला, व्हिडिओतली बाई कुठे आहे? त्या म्हणाल्या, मीच ती. तो म्हणाला, ते हात बारीक आहेत. त्या म्हणाल्या, मेल्या, बाईच्या हातांची मापं काढायला इतक्या लांबून आलास का? चित्रात बारीक दिसतात, ती उजेडाची करामत. तो दाराशी आला. त्यांनी दार अडवलं, म्हणाल्या, आत गिऱ्हाईक बाई उघड्या अंगानं माप देतेय, तुझं पाऊल आत पडलं तर सगळी गल्ली गोळा करीन. तेव्हा तो म्हणाला, मी नाही येत, माझी आई जाईल. आमच्या घरचं कापड ती हातानं ओळखते. आई, जा, बघून सांग. आराबाबाई दारातून बाजूला झाल्या. म्हातारीला नाही कसं म्हणणार?

सासूबाई आत आल्या. त्यांच्या चपलांचा आवाज मला ठाऊक आहे, उजवा पाय जरा ओढतात. दार उघडंच होतं, अग्बेको उंबऱ्याबाहेर उभा, मधे टेबल आडवं. मी पोरीच्या तोंडावर हात धरला होता. मामा, तेव्हा मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

त्या टेबलाला वळसा घालून समोर येऊन थांबल्या. खालून बल्ब होता, तेव्हा त्यांना कापडाखाली आमची पावलं दिसली असणार, मोठी दोन आणि लहान दोन. मग त्यांनी हात पुढे केला. कापड चाचपत चाचपत हात खाली आला आणि सित्सोफेच्या डोक्यावर येऊन टेकला. मधे फक्त ते कापड. हात तिथेच राहिला. पोरीच्या वेणीवरून मागे गेला, पुन्हा कपाळाशी आला. बाहेरून अग्बेकोनं विचारलं, काय गं आई, आपलंच ना? मला वाटलं, झालं.

सासूबाईंचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. म्हणाल्या, नाही रे बाबा, हे आपलं नव्हे. आपलं इतकं मऊ नव्हतं.

त्यानं विचारलं, नीट बघितलंस का? त्या म्हणाल्या, लेकाच्या मातीचं कापड मी विसरेन का? आणि हात उचलला. जाताना तो पाय नेहमीपेक्षा जास्त ओढत होता. अंगणात आराबाबाईंनी पाणी विचारलं, ते घेतलं नाही.

ते गेल्यावर मी पोरीच्या तोंडावरचा हात काढला. बोटांचे वळ उठले होते. म्हटलं, राणी, माफ कर, तू ओरडशील अशी भीती वाटली. ती म्हणाली, मी कशाला ओरडू? आजीच होती ना ती.

मामा, विहीणबाई तुझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि मान फिरवली, तरी पोरीनं आजीला ओळखलं, एवढं त्यांच्या कानावर घाल. बाकी काही सांगू नकोस.

तुझी माया आम्हा दोघींच्या वाट्याला सदैव येवो.

देलाली